पिवळ्या दिव्याची बाजू

मी एक जुना बझर आहे, मित्रांनो. पण ‘जुना’ हा शब्द वाचून उगाच चेहरा पाडायचा नाही, आधीच सांगून ठेवतो. आत्मवृत्तं वाचून तुम्हाला सवय लागली असेल, की आता हा रडणार, आपण थोडं हळहळायचं आणि पान उलटायचं. मी रडणार नाही. मी भांडणार आहे!

सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत प्रश्न पुरता संपायच्या आत ‘टँऽऽ’ असा आवाज येतो आणि एक दिवा लागतो, ते तुम्ही पाहिलं असेल. आमच्या शाळेत तो आवाज माझा आणि दिवाही माझाच. मी म्हणजे एक लाकडी खोकं. माझ्या कपाळावर चार दिवे: लाल, हिरवा, निळा, पिवळा. माझ्या पोटातून चार तारा निघतात आणि चार टेबलांवरच्या चार बटणांपर्यंत जातात.

मला विज्ञानाच्या बाईंनी घडवलं. खोकं एका बंद पडलेल्या रेडिओचं. बटणं दारावरच्या बेलची, त्यातलं एक तर त्यांच्या स्वतःच्याच दारावरचं. त्यांच्या सासूबाई त्यावर म्हणाल्या होत्या, “बेल काढून नेलीस, आता पाहुण्यांनी काय कोंबड्यासारखं आरवायचं?” बाई हसल्या आणि तारा जोडायला डाख देता देता बोट भाजून बसल्या. असा माझा जन्म, हशा आणि फोड यांच्या मधोमध.

माझं काम एकच. चौघांतलं जे बटण आधी दाबलं जाईल त्याचा दिवा लावायचा, आणि त्याच क्षणी बाकी तिघांची वाट बंद करायची. मग त्या तिघांनी बटणावर हात आपटा, डोकं आपटा, मी ढिम्म! आधी कोण, एवढंच मला कळतं. उत्तर बरोबर की चूक यात मी कधी नाक खुपसत नाही. ज्याचं काम त्यानं करावं.

आणि काय काय ऐकलंय मी, मित्रांनो! ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. खऱ्या अर्थानं उडणारा एकमेव सस्तन प्राणी म्हणजे वटवाघूळ. रस्सीखेच हा खेळ एके काळी ऑलिंपिकमध्ये होता. कागद आधी चीनमध्ये बनला. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांच्या वर वेळ लागतो, म्हणजे आपण बघतो तो सूर्य थोडा शिळाच असतो! परीक्षेला बसवलं असतं तर मी पहिला आलो असतो. पण खोक्याला कोण बसवणार?

सुरुवातीला माझा थाट काय वर्णावा! स्पर्धेच्या दिवशी बाई मला फडक्यानं पुसायच्या. बारकी पोरं जवळ येऊन म्हणायची, “बाई, एकदाच दाबू?” पाहुणे म्हणायचे, “वा, घरी बनवलेला? वाटत नाही!” (हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.)

आणि मग पिवळ्याची गोष्ट सुरू झाली.

पिवळ्या बटणाची तार सगळ्यांत लांब, म्हणून ते कायम खिडकीजवळच्या टेबलावर जायचं. तिथलं टेबल चित्रकलेच्या वर्गातून आलेलं, जुनं, हत्तीसारखं जड. एकदा ठेवलं ते ठेवलं, कुणी हलवायच्या भानगडीत पडलं नाही. आणि त्या टेबलावरची जोडी हरायची. एकदा हरली, दोनदा हरली. पुढे पुढे रंगांच्या चिठ्ठ्या काढताना एखाद्या जोडीला ‘पिवळा’ निघाला, की वर्ग असा उसासा टाकायचा जणू कुणाचं तिकीटच फाटलं.

कळस झाला तो एका अंतिम फेरीत. दहावीतला एक उंच मुलगा पिवळ्या बटणावर होता. हुशार, अगदी हुशार. शेवटच्या प्रश्नाला त्याचा हात सगळ्यांत आधी बटणावर पडला, हे अख्ख्या सभागृहानं पाहिलं. पण दिवा लागला लाल. तो ओरडला, “सर, मी आधी दाबलं!” प्रश्न विचारणारे खेळाचे सर म्हणाले, “दिवा दिसतोय ना? दिवा सांगेल ते खरं.” पोरगा हरला. सगळे गेल्यावर तो परत आला आणि कर्कटकाच्या टोकानं माझ्या पिवळ्या दिव्याखाली एक शब्द कोरून गेला.

पनवती.

दुखलं का? लाकडाला काय दुखायचंय! पण राग आला, मित्रांनो, असा राग आला की माझा निळा दिवासुद्धा लाल व्हायचा बाकी होता. मी त्या पोराचा दिवा लपवला नव्हता. लाल बटण आधी आत गेलं, म्हणून लाल दिवा लावला. त्याचं बटण उशिरा का गेलं, हे मला कुणी विचारलंच नाही. बोलता येत असतं तर मी तिथल्या तिथे सर्वांना उभं आडवं घेतलं असतं!

बाईंनी माझी बाजू घेतली नाही असं नाही. दर वर्षी त्या मला प्रयोगशाळेत नेऊन उघडायच्या, पिवळं बटण ओट्यावर ठेवून दाबून बघायच्या. दिवा लखकन लागायचा. “यात काही दोष नाही हो,” त्या सरांना सांगायच्या. सर म्हणायचे, “बाई, तुमच्याकडे शहाण्यासारखा वागतो आणि माझ्याकडे आला की दगा देतो. नाटकी आहे नुसता.”

यंदा सरांनी स्पष्टच सांगितलं. “बिनतारी बझर मागवलेत. ही याची शेवटची स्पर्धा. हा खोटारडा डबा नंतर भंगारात.”

नवे आणा. खुशाल आणा! मीही एका रेडिओच्या कवटीत राहतो, जुनं जाऊन नवं येतं हे मला कुणी शिकवायला नको. पण खोटारडा? तो शब्द कपाळावर घेऊन मी भंगारात जाणार नव्हतो. मोडका म्हणून फेका, जुना म्हणून फेका, खोटा म्हणून नाही.

अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्या निघाल्या आणि पिवळा रंग आला नववीच्या दोन मुलींकडे. एकीला सगळे ‘पाठांतर’ म्हणायचे, कारण ती विचारलं नसतानाही देशांच्या राजधान्या म्हणायची. दुसरी भिंगरी. ती सरळ चालताना मी पाहिलेली नाही. गिरक्या घेतच यायची. आणि मित्रांनो, ही भिंगरी त्याच उंच मुलाची धाकटी बहीण! तो आता कॉलेजात होता. बहिणीचा सराव बघायला आला आणि पिवळं बटण पाहून कपाळाला हात लावून बसला.

“भिंगरे, तुला हाच मिळाला? चल, घरी चल. निदान झोप तरी होईल.”

“ए दादा, तू हरलास म्हणून मी हरायला पाहिजे का?”

“मी नाही हरलो. हा डबा हरवतो.”

“बघू की!” भिंगरी म्हणाली आणि टेबलाशी जाऊन बसली.

सराव सुरू झाला. सर प्रश्न वाचायचे, भिंगरी चित्त्यासारखी झडप घालायची आणि दिवा लागायचा लाल. परत झडप, आता हिरवा. परत लाल. लाल जोडीतली मुलं तर गालातल्या गालात हसायला लागली. पाठांतर रडवेली झाली. “अगं, तू आधीच दाबतेस, मी बघतेय ना!” मागून दादा म्हणाला, “सांगितलं होतं.”

मी आतल्या आत धुमसत होतो. अरे, खाली बघा! माझ्याकडे काय बघताय, खाली बघा!

आणि भिंगरीनं बघितलं. खाली नाही, तिच्या समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे. पुढच्या प्रश्नाला तिनं बटणावर हात मारला, पण तिची नजर दिव्यावर नव्हती. पेल्यातलं पाणी एका बाजूला कललं, डुचमळलं आणि सांडलं.

“सर,” ती उठली. “आपण टेबलं बदलून बघू या?”

“बटणं म्हणायचंय का तुला?”

“नाही. टेबलं. लालवाल्यांचं टेबल आम्हाला, आमचं त्यांना. बटणं ज्याची त्याच्याकडेच राहतील.”

“हे टेबल? मी शाळेत लागलो तेव्हापासून तिथे आहे ते! उचलणार कोण?”

“दादा आहे ना,” भिंगरी म्हणाली. “नुसता बसलाय.”

दाराशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, “करू द्या ना सर. वाटणं आणि बघणं यांत फरक असतो.”

दादा आणि लाल जोडीतली दोन्ही मुलं, तिघांनी मिळून ते धूड ढकललं. फरशीवरून असा आवाज आला की माझा ‘टँऽऽ’ त्यापुढे बासरी वाटावा! मग पुन्हा प्रश्न. आणि पिवळा लागला. पुन्हा पिवळा. पुन्हा पिवळा! मी एवढ्या जोमानं वाजलो की पाठांतरनं कानांवर हात ठेवले. लाल जोडीतला मुलगा बटण बदडत ओरडला, “सर, आमचं बटण बिघडलं!”

“बघा!” भिंगरीनं टेबलावर चढायचंच बाकी ठेवलं. “आता लाल पनवती झाला का?”

ती वाकून टेबलाखाली गेली. एक पाय बोटभर आखूड होता, बटणाच्या कोपऱ्याखालचाच. जोरात हात मारला की आधी टेबल खाली बसायचं, मग बटण आत जायचं. जितक्या जोरानं माराल तितकं टेबल जास्त डुलणार. एवढासाच उशीर, पण एवढ्याशा उशिरावरच तर माझं सगळं काम चालतं! बाईंच्या प्रयोगशाळेतला ओटा दगडी, तो कसा डुलणार?

“मी दर वर्षी बझर तपासला,” बाई हळूच म्हणाल्या, “टेबल कधी तपासलंच नाही.”

सरांनी पुठ्ठ्याची घडी केली, गुडघ्यावर बसले आणि पायाखाली सरकवली. दादानं टेबलाच्या कोपऱ्यावर तळवा ठेवून दाबून पाहिलं. टेबल हललं नाही. त्यानं परत एकदा दाबून पाहिलं.

“म्हणजे तेव्हा...”

“तेव्हा टेबल डुललं, दादा,” भिंगरी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. “तूही उशीर केला नव्हतास आणि यानंही दगा दिला नव्हता.”

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. टेबलं आपापल्या जागी, आखूड पायाखाली पुठ्ठा. आणि पिवळा दिवा असा लागत होता, मित्रांनो, की बारकी पोरं ‘पिवळाऽऽ’ म्हणून ओरडायला लागली. वटवाघूळ, पिवळा! रस्सीखेच, पिवळा! राजधान्या आल्या तेव्हा तर पाठांतरनं मागितल्यापेक्षा चार जास्तच दिल्या. शेवटी निळी जोडी आणि पिवळी जोडी बरोबरीत आल्या. एकच प्रश्न उरला.

सर वाचू लागले, “निळा देवमासा हा पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी...”

टँऽऽ! पिवळा!

“क्रिल!” भिंगरी किंचाळली. “म्हणजे बारक्या कोळंबीसारखा जीव! देवमासा तेच खातो!”

सरांनी कागदावरून डोळे वर केले. “प्रश्न पूर्ण ऐकणार का? निळा देवमासा हा पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी; तर जमिनीवरचा सर्वांत मोठा प्राणी कोणता?”

पुढच्या रांगेतली पहिलीची पोरं एका सुरात ओरडली, “हत्तीऽऽ!” निळ्या जोडीनं तेच उत्तर शांतपणे दिलं आणि चषक त्यांच्याकडे गेला.

मागच्या रांगेतून दादाचा आवाज आला, “भिंगरे, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं!”

सगळं सभागृह हसलं. सर माझ्याकडे बघत म्हणाले, “काय गं, आज पिवळ्यानं दगा नाही दिला?”

भिंगरीचे कान लाल झाले होते, पण मान ताठ होती. “नाही सर. तो बरोबर वेळेवर लागला. चुकले मी. माझी चूक माझ्याकडेच राहू द्या, त्याला देऊ नका!”

मित्रांनो, चषक मिळालेली पुष्कळ मुलं मी पाहिली. त्यांतलं एकही मला एवढं आवडलं नाही.

सगळे गेल्यावर दादा माझ्यापाशी आला. भिंगरीनं कंपासपेटीतून कर्कटक काढून त्याच्या हातात दिलं. “हे अक्षर तुझंच आहे. मी ओळखत नाही होय? खोड आता.”

“कोरलेलं खोडता येत नाही गं.”

“मग खाली लिही.”

त्यानं लिहिलं. लाकडाचा भुगा फुंकरीनं उडवला, आणि दोघं भांडत भांडत घरी गेली.

नवे बिनतारी बझर आले आहेत. दिसायला देखणे आहेत, मी नाही म्हणत नाही. मी आता प्रयोगशाळेच्या कपाटात असतो. मला जपा, माझी धूळ पुसा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. धुळीला मी घाबरत नाही. पण उद्या कुणी एखाद्या वस्तूला, बाकाला नाहीतर वर्गातल्या एखाद्या मुलाला ‘पनवती’ म्हणालं, तर आधी टेबलाखाली वाकून बघा. आणि तरीही कुणी ऐकलं नाही, तर त्याला कपाटापाशी घेऊन या. माझ्या पिवळ्या दिव्याखाली दोन ओळी आहेत. वरची तुम्हाला माहीत आहे. खालची अशी आहे:

तपासलं. नाही.