दोन विटांची जागा

"माझी मोरी खंय?" दशरथ परबांनी लॅपटॉपवर बोट टेकवून विचारलं.

"काका, मोरी नाही, बाथरूम. बेडरूमला लागून आहे," तेजल म्हणाली.

"म्हणजे भांडी घासूक बेडरूमात जायचा?"

शेजारी बसलेल्या अंबादास बनसोड्यांनी कपाळाला हात लावला. भांडुपच्या टेकडीवरची अख्खी चाळ नव्या बिल्डिंगीला तयार झाली होती, अडले होते ते एकटे परब. अंबादास कमिटीवर होते आणि तीस वर्षांचे शेजारीही, म्हणून परबांना पटवायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. नकाशा दाखवला तर परब म्हणाले, कागदावर काय, ताजमहालपण मावतो.

शेवटी अंबादासांनी मुलीला साकडं घातलं. तेजल शनिवार-रविवार मुलुंडच्या एका क्लासमध्ये मुलांना ठोकळ्यांच्या गेममध्ये इमारती बांधायला शिकवायची. हे शिकायलाही लोक क्लास लावतात याचं अंबादासांना एरवी हसू यायचं. पण गरजवंताला अक्कल नसते. परवा त्यांनीच चहा करून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "नवी बिल्डिंग बांधून दे ना गं त्याला."

तेजलने एक फ्लॅट ठोकळ्या-ठोकळ्याने बांधला. मग गेममध्ये जागा निवडायला असते त्या लाकडी कुऱ्हाडीने त्याचे दोन समोरासमोरचे कोपरे टिपले, कॉपी केला आणि लगेच शेजारी पेस्ट केला. दोन्ही घरांत मधली भिंत एकच.

"ही आमची, ही तुमची. कमिटीने शेजारीशेजारीच द्यायचं ठरवलंय," ती म्हणाली.

परब माऊस धरून आपल्या घरात फिरू लागले. दोनदा भिंतीवर आपटले, एकदा खिडकीतून खाली पडले. लिफ्ट बंद पडली तर काय, पापड खंय सुकवायचे, सगळं विचारून झालं. तेजलने गच्ची दाखवली. फिरत फिरत ते मधल्या भिंतीशी आले आणि थांबले.

"आणि ह्या?"

अंबादासांच्या बायकोने, चंपाने, भाजी चिरता चिरता मागे पाहिलं. बनसोड्यांच्या खाटेमागे, दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीत दोन विटांएवढं भोक होतं, त्याला लाकडी फळी होती. परबांची बायको सुगंधा अंथरुणाला खिळली तेव्हा परब ड्युटीवर असताना तिची हाक चंपाला ऐकू यावी म्हणून अंबादासांनीच ते पाडलं होतं. सुगंधा गेली, भोक राहिलं. रोज सकाळी परब त्यातून आपला रिकामा कप सरकवायचे आणि चंपा तो भरून परत द्यायची. गेल्या वर्षी एकदा कप आला नाही, म्हणून चंपा धावत गेली. परब मोरीत पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं.

मोरी, लिफ्ट, पापड ही सगळी निमित्तं होती. एकट्या माणसाला बंद दाराची भीती वाटत होती, आणि ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

तेजलने भिंतीतला एक ठोकळा काढला. "हे घ्या काका."

गेममधला एक ठोकळा मीटरभराचा. परब वाकून बघत हसले. "अगो, ह्याच्यातून मी अख्खो जाईन. कप कित्याक?"

"मग तूच ये चहाला," अंबादास म्हणाले. सगळे हसले.

मग परबांना ओटा खिडकीखाली हवासा वाटला. "आमच्याकडे पण तिथेच बरा," चंपा म्हणाली. तेजलने स्वतःच्या घरात ओटा हलवला, ते घर पुन्हा कॉपी करून परबांच्या घरावर पेस्ट केलं. ओटा जागेवर आला. पण कॉपीसोबत तिच्या घराची पलीकडच्या टोकाची अखंड भिंतही आली आणि नेमकी मधल्या भिंतीतल्या भोकावर बसली.

"अय्यो, बुजलं. थांबा, अनडू करते."

"थांब गो." परबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "खऱ्या बिल्डिंगीत ठेवतले काय?"

तेजलने वडिलांकडे पाहिलं.

"नाही काका. काँक्रीटची भिंत असते. हात लावू देत नाहीत."

परबांनी माऊस बाजूला सरकवला. "मग ऱ्हवांदे तसाच. सवय होऊक व्हयी."

उठताना ते अंबादासांना म्हणाले, "कमिटीक सांग, परब तयार आसा."

अंबादासांना आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण जेवताना त्यांनी अर्धी भाकरी तशीच टाकली.

दुसऱ्या दिवशी चंपाने चहा उकळला, फळी उघडली आणि वाट पाहिली. कप आला नाही. "भावजी," तिने भोकातून हाक मारली. उत्तर नाही. गॅस बंद करून तिने अंबादासांना हलवलं, तेवढ्यात दारावर टकटक झाली. चाळीत सकाळी कोणी टकटक करत नाही, सरळ आत येतात.

दारात परब उभे होते. अंघोळ केलेली, शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेली, हातात रिकामा कप.

"वहिनी, येऊ काय आत?"

तीस वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. "या," चंपा म्हणाली. परब खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखे बसले. चंपाने त्यांच्या हातातला कप घेतला, भरून दिला, आणि मग खाटेमागे वाकून फळी लावून घेतली.