मागच्या खोलीतल्या बंदुका

ऑरिन टेगमायरच्या दुकानाला मागे एक खोली होती. पुढे नव्या-जुन्या बंदुका, काडतुसांचे डबे, मासे धरायचे गळ, शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या. मागे दुरुस्ती. पण दुरुस्तीला आलेल्या बंदुकांपैकी काही मुळात बिघडलेल्याच नसत. हे आमच्या ब्रेमर गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि उघडपणे कुणी कधी बोलत नसे.

रीत अशी होती. एखाद्यावर वाईट दिवस आले, बायको गेली किंवा खाणीतलं काम सुटलं, आणि घरातल्या बंदुकीची त्याची त्यालाच भीती वाटायला लागली, की तो ती घेऊन ऑरिनकडे यायचा.

"खटका अडकतोय बघ."

ऑरिन खटका दाबायचा. तो लोण्यासारखा चालायचा. "अडकतोय खरा," ऑरिन म्हणायचा. "पार्ट मागवावा लागेल."

बंदूक मागच्या खोलीत जायची. मग तो माणूस अधूनमधून यायचा. "पार्ट आला का रे?" ऑरिन चष्म्यावरून त्याला न्याहाळायचा. दाढी केलीय का, शर्ट धुतलेला आहे का, डोळ्याला डोळा भिडवतोय का. "कुठला यायला! कारखानेवाले झोपलेत," असं म्हणून तो त्याच्यापुढे कॉफी ठेवायचा. आणि मग कधीतरी, पुष्कळ दिवसांनी, सहज बोलल्यासारखं म्हणायचा, "अरे, आला बरं का."

माझा धाकटा भाऊ मर्ल, त्याची बायको लॉरीन वारल्यावर, आमच्या वडिलांची दुनळी बंदूक तिथे ठेवून आला. तो नदीकाठच्या शेतावर एकटा राहतो. मी गावच्या वाचनालयात जन्म काढला, बंदुकीतलं मला काही कळत नाही. पण ती दुनळी मर्लच्या घरात नाही, एवढं मला पुरे होतं.

मग राज्याच्या राजधानीत बंदुकांच्या नव्या कायद्याची तयारी सुरू झाली. तोवर बंदुका विकायला केंद्र सरकारचा परवाना पुरत असे. आता इलिनॉय राज्याचाही वेगळा परवाना लागणार होता. त्यासाठी धोक्याची घंटा, प्रशिक्षण, तपासणी, फी, आणि बंदुका असतील त्या प्रत्येक जागी कॅमेरा. हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानांना हे जड नव्हतं. ऑरिनचं दुकान म्हणजे त्याच्या वडिलांची जुनी लोहारशाळा.

"फीचं सोड," तो मला म्हणाला. "ती मी मासे विकून भरीन. पण मागच्या खोलीत कॅमेरा? एल्डन, त्या खोलीत मोठे मोठे बाप्ये तोंड भिंतीकडे करून उभे राहिलेत. कॅमेऱ्यापुढे कोण येईल?"

"मग हेच सांग ना त्यांना."

कायद्याबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला राजधानीतून एक बाई येणार होती. अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये सभा होती. ऑरिनच्या वतीने भाषण लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण गावात सगळ्यांत जास्त पुस्तकं वाचलेला मीच.

"नावं न घेता लिहितो," मी म्हणालो.

"नावं न घेता? ब्रेमरमध्ये?" ऑरिन हसला. "आत्ता आत दोन बंदुका आहेत. तू नुसता 'एक विधुर' म्हण, अख्खा हॉल मर्लकडे मान वळवून बघेल. त्यानंतर तो माझ्या दुकानाची पायरी चढेल का? तुझ्याशी तरी बोलेल का?"

त्याचं म्हणणं मला पटलं. आजही ते चूक होतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. मी संविधानातल्या बंदूक बाळगायच्या हक्कावर लिहिलं, छोट्या दुकानदारावरच्या बोजावर लिहिलं. वाचून ऑरिन म्हणाला, "छान आहे. माझं वाटत नाही, पण छान आहे."

सभेच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. बायकांनी घरून गोडाधोडाचं भाजून आणलं होतं. कुणीतरी कॉफीच्या भांड्यावर चिठ्ठी डकवली होती, 'ही प्यायला परवाना लागत नाही'. राजधानीतून आलेल्या रोझलिन आर्मस्टेड बाई शिकागोच्या, पन्नाशीच्या. त्यांनी ती चिठ्ठी वाचली, हसल्या आणि कप भरून घेतला. मला त्या आवडल्या.

ऑरिनने माझं भाषण वाचलं. अडखळत वाचलं, मोठ्या शब्दांना ठेचकाळत. टाळ्या मात्र पडल्या. मग मर्ल उठला. चारचौघांत बोलायला तो माझ्यासारखा बुजत नाही.

"बाई, साधी गोष्ट आहे. माझी बंदूक माझ्या घरात, माझ्या हातात. मधे कुणी नको. ना तुम्ही, ना तुमचा कॅमेरा. माझ्या बापाच्या बंदुकीला हात लावणारे तुम्ही कोण?"

लोकांनी पाय आपटले, शिट्ट्या मारल्या. मी ऑरिनकडे पाहिलं. तो टेबलावरचा डाग नखाने खरवडत होता. बापाची बंदूक तेव्हा त्याच्या मागच्या खोलीत, मेणकापडात गुंडाळलेली होती.

शिट्ट्या थांबेपर्यंत बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या मुलाला ज्या बंदुकीने मारलं, ती अशाच एका छोट्या दुकानातून चोरीला गेली होती. मालक चांगला माणूस होता. मी भेटले त्याला. रडला माझ्यापुढे. पण त्याच्याकडे घंटा नव्हती, कॅमेरा नव्हता. म्हणून मी इथे आले." त्या ऑरिनकडे वळल्या. "टेगमायरसाहेब, मला खरंच समजून घ्यायचंय. फीबद्दल मी वर बोलेन. पण तुमच्या मागच्या खोलीत असं काय आहे, की तिथे कॅमेरा चालत नाही?"

मागून कुणीतरी ओरडलं, "बायकोपासून तो तिथेच लपायचा, बाई!" हॉल हसला.

ऑरिन हसला नाही. त्याने एकदा मर्लकडे पाहिलं, एकदा दारापाशी बसलेल्या हॉलिस ब्रूनरकडे. हॉलिस खाणीतला जुना कामगार. त्याचीही बंदूक आत होती. दोघे बुटांकडे बघत होते.

"तो माझा प्रश्न आहे," ऑरिन म्हणाला.

बाईंनी थोडी वाट पाहिली. मला वाटतं, त्यांना कळलं होतं की इथे काहीतरी आहे. पण आम्ही शे-दीडशे माणसं गप्प बसलो, आणि गप्प बसायची आमची सवय जुनी होती. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

कायदा झाला. तो आमच्या एका सभेमुळे झाला किंवा थांबला असता, असं मानण्याइतका मी भाबडा नाही. पण अशा मागच्या खोल्यांसाठी काही सवलत, काही पळवाट, कुणी मागितलीच नाही. न मागितलेलं कोण देणार?

ऑरिनने दुकान बंद करायचं ठरवलं. मुलगी नदीपलीकडे मिझुरी राज्यात होती, तो तिच्याकडे राहायला जाणार होता. पुढचा माल हमरस्त्यावरच्या दुकानाने घेतला. मागच्या खोलीतल्या बंदुका मालकांना परत करणं भाग होतं.

"मर्लची तू ठेव," तो मला म्हणाला.

"माझ्याकडे कार्ड कुठे आहे?" आमच्या राज्यात बंदूक बाळगायला कार्ड लागतं. मी अर्ज केला होता, पण ते यायला अवकाश होता, आणि ऑरिनचा सामानाचा ट्रक शनिवारी निघणार होता.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघे दुनळी घेऊन मर्लकडे गेलो. सोयाबीनची कापणी नुकतीच उरकली होती. मर्ल ओसरीवर उभा होता. बंदुकीची लांब गुंडाळी बघून त्याचा चेहरा बदलला.

"आणलीस होय," तो म्हणाला.

ऑरिनने पहिल्यांदाच रीत मोडली. "मर्ल, दुकान नसतं बंद झालं तर मी ही अजून दिली नसती. तुझे डोळे मला अजून बरे दिसत नाहीत."

मर्लचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा दोघांनाही हाकलून देणार. पण त्याने गुंडाळी घेतली, आत जाऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि सोडली. पुढचा लाकडी भाग काढला, बंदूक बिजागरीवर मधोमध उघडली आणि नळ्यांची जोडी दस्त्यापासून वेगळी केली. काम करताना त्याचे हात स्थिर होते. नळ्या त्याने माझ्या हातात दिल्या.

"ह्या घेऊन जा. नुसत्या नळ्यांना कार्ड लागत नाही, पुस्तकी किड्या. एवढं तरी वाचलंयस का कधी?"

"नाही," मी म्हणालो.

"मग काय वाचलंस जन्मभर?"

ऑरिन तिथेच खुर्चीत बसला आणि तोंडावर हात धरून राहिला. मर्लने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. "म्हाताऱ्या, रडायचं असेल तर आधी सांगायचं. मी कॉफी केली असती."

मग मर्लने विचारलं, "हॉलिसची?"

"सकाळी दिली. दारातच घेतली. 'थँक्यू' म्हणाला, दार लावलं."

"त्याला म्हणालास का, मला म्हणालास तसं?"

ऑरिनने नकारार्थी मान हलवली. "जीभ रेटली नाही. तुझ्याकडे येताना रस्त्यात ठरवलं, की निदान एकाला तरी बोलायचं."

मर्लने कोट घातला. आम्ही तिघे ऑरिनच्या गाडीतून हॉलिसकडे गेलो. तो बाहेर आला, दार पाठीमागे ओढून घेतलं आणि आमच्याबरोबर कठड्यापाशी उभा राहिला. मर्लने सोयाबीनच्या भावाचं काढलं. हॉलिस म्हणाला, यंदा बरा आहे. ऑरिन म्हणाला, मिझुरीत मासे चांगले मिळतात म्हणे. हॉलिस म्हणाला, हो, ऐकलंय. घरात एक बंदूक होती, पूर्ण जोडलेली, आणि आम्ही चौघे तिच्या अलीकडे उभे राहून माशांविषयी बोलत होतो. मग हॉलिस म्हणाला, "थंडी वाजायला लागली," आणि आत गेला.

परतताना मर्ल म्हणाला, "उद्या परत जाऊ." दुसऱ्या दिवशी ऑरिनचा ट्रक भरायचा होता. नंतर बर्फ पडलं. मर्ल दोनदा एकटा जाऊन आला. दोन्ही वेळा हॉलिस म्हणाला, सगळं ठीक आहे.

ईस्टरच्या आधी हॉलिस गेला. कसा, ते पाद्र्याने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. ऑरिन नदीपलीकडून आला होता, एका कोपऱ्यात बसला होता. त्याने काही खाल्लं नाही.

"सरकारने मारला त्याला," आमच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं. "ऑरिनचं दुकान असतं तर..." आणि थांबलं, कारण वाक्य पूर्ण केलं असतं तर सगळंच बोलावं लागलं असतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला त्यात खरं वाटत होतं, आणि त्या बाईंच्या भाच्याचंही खरं वाटत होतं. दोन्ही खरं असेल तर काय करायचं, ते मला आजही ठाऊक नाही.

मर्लने काटा खाली ठेवला. "त्या बाईने विचारलं होतं," तो म्हणाला. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "सरळ विचारलं होतं. आणि मी काय ओरडलो ते आठवतंय ना सगळ्यांना? माझी बंदूक माझ्या हातात!"

टेबलावर कुणी वर बघेना. एक बाई कॉफीचं भांडं घेऊन आमच्यामागून आली आणि म्हणाली, "आणखी कुणाला?" आणि सगळ्यांनी, मर्लनेसुद्धा, कप पुढे केले.