कल्याणच्या पोटातली पिशवी

थिएटरमधून बाहेर आलेले डॉक्टर धर्मराजनानांना म्हणाले, "कल्याणचा हर्निया शिवला. पण आत एक पिशवी सापडली. तुकडा तपासायला पाठवलाय, नंतर बघू." आणि घाईत निघून गेले.

नानांची लेक तृप्ती डॉक्टरांच्या मागे धावली. "गर्भाची?" तिने दबक्या आवाजात विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

इकडे नानांनी भलताच अर्थ काढून ठेवला होता. गेल्या साली त्यांच्या गाईच्या पोटातून दोन घमेली प्लास्टिक निघालं होतं. त्यांनी लगेच बदनापूरला होणाऱ्या व्याह्यांना फोन लावला. "पोरानं कवा पिशवी गिळली, काय म्हाईत! आता तुकडा तपासून राह्यले म्हणं. दुकानाचं नाव शोधतेत का काय!" नाना स्वतःच हसले. तृप्तीला त्यांचा राग आला आणि दयाही आली. दोन महिन्यांवर कल्याणचं शीतलशी लग्न होतं.

ती व्हरांड्यात येरझारा घालू लागली. बाकावर टेकायची, की पुन्हा उठायची. चार वर्षं ती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत उंदरांवर हेच काम करत होती. नर असो की मादी, गर्भात आधी दोन्हींच्या नळ्या असतात. नराचं वृषण निरोप धाडतं, की मादीची नळी नको, ती विरून जाऊ दे. नळीवरचा रिसेप्टर तो निरोप घेतो. तिच्या उंदरांत तो रिसेप्टरच बिघडलेला. वृषण ओरडून ओरडून थकलं तरी नळीला ऐकू जात नाही, आणि चांगल्या धडधाकट नराच्या पोटात त्याच नळीची गर्भाची पिशवी होते. परिषदेत हे ती घडाघडा बोलायची. सख्ख्या भावापाशी मात्र जीभ रेटेना. रिपोर्ट येईपर्यंत प्लास्टिकच राहू द्यावं का? तेवढीच पोराला झोप लागेल.

कल्याणला वॉर्डात आणलं. नानांनी त्यालाही प्लास्टिकचं आणि बदनापूरच्या फोनचं सांगून टाकलं. नाना चहा आणायला गेल्याबरोबर त्याने तिचं मनगट धरलं.

"तायडे, कमरेखालीच भूल दिल्ती. मला समदं ऐकू येत होतं. नर्स म्हणली, बाईची पिशवी हाय. मी बाई हाय का?"

"न्हाई. बिलकुल न्हाई. तू पुरुषच हायेस. तुझ्या अंगानं निरोप बराबर दिल्ता, त्या नळीनं तेवढा ऐकला न्हाई. माझ्या उंदरांत रोज बघते मी हे."

"त्यांला पिल्लं होतेत का?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"काहींना होतात," ती म्हणाली. "बऱ्याच जणांना न्हाई. तुझं तपासल्याशिवाय सांगता यायचं न्हाई."

त्याने तिचं मनगट सोडलं. सलाईन थेंबथेंब पडत होतं. तृप्तीला वाटलं, आपण घाई केली, आता हा खचणार.

"शीतलला फोन लाव."

"आत्ता? रिपोर्ट तर येऊ दे."

"रिपोर्ट येईस्तोवर तिच्या घरी पत्रिका छापून होतील. लाव."

तिने फोन लावून त्याच्या हातात दिला. नाना चहाचे कप घेऊन दारातच थबकले. कल्याणने त्यांना पाहिलं, पण आवाज खाली केला नाही.

"शीतल, पिशवी प्लास्टिकची न्हाई," तो म्हणाला. "कुठं तरी बस. समदं सांगतो, मंग तू ठरव."