कढई न चढलेली दिवाळी

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी सणाला तळणाची कढई चढवत नाहीत. साधा वरण-भात, भाजी-भाकरी करायची. दाराला तोरण नाही, आकाशकंदील नाही. फराळ शेजारचे आणून देतात आणि त्यांना नको म्हणायचं नसतं. मग वर्ष बदलून गुढीपाडवा आला की बाहेरगावची आपली माणसं येतात, त्यांच्या हातानं कढई चढते आणि पुढचे सण मोकळे होतात. याला आम्ही सण काढणं म्हणतो.

आमचे हे श्रावणात गेले. दसरा झाला आणि पुण्याहून माझ्या मुलाचा, गजेंद्रचा फोन आला.

"आई, यंदा आम्हीही काही करत नाही. बाबांचं वर्ष आहे. अनुपमाशी बोललोय, तीही करणार नाही. सणच नाही तर एवढ्या गर्दीत येऊन तरी काय करायचं? पाडव्याला सगळे येतो, चार दिवस राहतो."

मला त्यांनी यायला हवं होतं. लग्न होऊन जानेफळला आले तेव्हापासून माझी एकही दिवाळी एकटीनं गेली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळातसुद्धा घरात सात माणसं होती आणि रेशनच्या मिलो ज्वारीच्या पिठाच्या शेवेचं एक ताट होतं. पण गजेंद्रचं ते बोलणं मी धरून बसले. तो तिकडे, माझी लेक अनुपमा नाशिकला, मी इथे, आणि तिन्ही घरांत कढई नाही, म्हणजे आम्ही एकाच पंगतीला बसलो आहोत, असं मी मनाला समजावलं. तेवढं मला पुरणार होतं.

गल्लीतल्या आशाबाईनं टोमणा मारलाच. "आजकालचे पोरं पाळतेत काय कुठं? अन् तेही पुण्यात?"

"माहे पाळतेत," मी म्हटलं. शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, पण एखाद्या पोराचा पहिला नंबर सांगतानाही माझ्या आवाजात इतका ताठा आला नसेल.

बनाबाई माझ्या शेजारची. ती आरोग्य केंद्रात नर्स होती, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. दोघी एकाच वर्षी या गल्लीत आलो. माझ्या दिवाळीचं पहिलं ताट तिच्या घरी जायचं आणि बुद्ध पौर्णिमेच्या खिरीचं पहिलं भांडं माझ्याकडे यायचं. सुरुवातीला माझ्या सासूबाई ते भांडं चौकटीच्या आत येऊ देत नव्हत्या. मी दारात उभी राहून खीर प्यायचे आणि भांडं तिथंच विसळून द्यायचे. दोन वर्षं असं चाललं. मग सासूबाईंना टायफॉइड झाला आणि बनाबाईनं एकवीस दिवस त्यांचं अंग पुसलं. त्यानंतर भांडं आत आलं. तिचे जानराव गेले तेव्हा मी तिच्याकडे महिनाभर निजायला होते, आणि आमचे हे गेले तेव्हा ती माझ्याकडे होती. तिच्याइतकं जवळचं मला या गावात कोणी नाही.

तिची मुलगी महामाया पुण्यात असते. दिवाळीच्या चार दिवसांसाठी बनाबाई तिच्याकडे निघाली, तेव्हा मी एक पिशवी बांधून दिली. तळलेलं काही नाही. उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया, मुगाच्या वड्या, तिखट.

"गजेंद्रच्या घरी देऊन येजो," मी म्हटलं. "अन् बस जरा. लेकरं कशी आहेत ते पाह्यजो. सण नाई, घर सुनं असंल."

"जातो वं. भाऊबीजेले महामायाले सुट्टी आहे, तवा जातो."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी दारात एक पणती लावली आणि आत येऊन बसले. आशाबाईनं ताट आणलं, समोरच्या उकंडरावांच्या सुनेनं आणलं. एकूण सहा ताटं आली. पलंगावर ओळीनं ठेवली. गजेंद्रच्या लेकाला, प्रज्वलला, चकली आवडते, आणि यंदा त्यालाही ती मिळणार नाही, म्हणून मीही तोडली नाही. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण खरं आहे. सगळ्या चकल्या गल्लीतल्या पोरांना वाटून टाकल्या.

बनाबाई परत आली ती बसमधून उतरून सरळ माझ्याकडेच. तोंडही धुतलं नव्हतं.

"गेली व्हतीस?"

"गेल्ती."

"मंग?"

"अंधारच व्हता वं तिथंबी. दारात एक पणती. सून खिचडी लावून राह्यली व्हती. गजेंद्र तुह्या कुरडयांची पिशवी हातात धरून बसला बराच वेळ."

"रडला काय?"

बनाबाईनं पदर सारखा केला. "डोये भरले व्हते त्याचे."

मी त्या रात्री चांगली झोपले. श्रावणापासून पहिल्यांदा.

पुढं संक्रांत आली. तीळ तेवढे भाजले, गोड काही केलं नाही. बनाबाई दुपारी तिळगूळ घेऊन आली. नवी साडी नेसली होती. वांगी रंग, हळदी काठ.

"झाक आहे," मी म्हटलं. "कुठून घेतली?"

"महामायानं देल्ली. दिवाळीची."

ती खाली बसली आणि एक पाय मुडपला. साडीची कड उलटली आणि मला आतला फॉल दिसला. वांगी दोऱ्याची बारीक हातशिलाई, आणि शेवटची वीतभर काळ्या दोऱ्यानं.

ती शिलाई माझी होती.

त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीत हे काठी टेकत मेहकरला गेले होते. सुनेसाठी साडी मीच आणते म्हटलं तर ऐकेनात. दुकानात तासभर बसून त्यांनी ही साडी निवडली. दुकानदारानं दाखवलेल्या भारी साड्या बाजूला सारल्या आणि म्हणाले, संजीवनीच्या गोऱ्या रंगावर ही खुलेल. फॉल मी घरीच लावला. वांगी दोरा संपला, दुकान बंद होतं, म्हणून शेवटी काळा घेतला. संजीवनीनं साडी हातात घेऊन "छान आहे" म्हटलं होतं आणि यांना वाकून नमस्कार केला होता.

मी बनाबाईच्या साडीची ती कड हातात धरली.

"ही साडी महामायानं देल्ली?"

"हाव." तिनं पदर सारखा केला.

"हा फॉल म्या लावला बना. ही संजीवनीची साडी आहे."

मी तिला पन्नास वर्षं ओळखते. खोटं बोलायचं असलं की ती पदर सारखा करते. आता मात्र हात मांडीवरून उचललाच नाही.

"सांग," मी म्हटलं.

मग तिनं सांगितलं. भाऊबीजेला ती न कळवता गेली. जिन्यातच तळणाचा वास आला. दाराला झेंडूचं तोरण, वर आकाशकंदील. आत अनुपमा पाटावर बसलेल्या गजेंद्रला ओवाळत होती. तिचा नवरा, मुली, संजीवनीचे आईवडील, सगळे होते. प्रज्वलच्या हातात नवी बॅट होती. प्रत्येकाला पुडकी वाटणं चाललं होतं. बनाबाईला पाहून गजेंद्र पाटावरून उठला. तिला त्यानं आतल्या खोलीत नेलं.

"काय म्हणला तो?"

"म्हणला, बनाकाकू, आईले सांगू नोका. लेकरं ऐकेनात म्हणून केलं. आईले लागंल. तिले एवढंच सांगा का दारात एक पणती होती. मंग संजीवनीनं ताट देल्लं. अन् मी निंगाली तर कपाटातून साडी काढून हातात देल्ली. सणाची बाई रिकामी कशी जाईल म्हणे. मले काय ठाव हे कोणाची साडी?"

"ताट खाल्लं तू?"

"खाल्लं," ती म्हणाली.

मुलांनी दिवाळी केली म्हणून मला राग आला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. प्रज्वल नऊ वर्षांचा आहे. गजेंद्रनं मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, करा बाबा, लेकरांसाठी करा, ह्यांनाही आवडलं असतं. पण मग मी म्हटलं असतं, मलाही घेऊन जा. ते त्याला नको होतं. त्यांच्या दिवाळीत मी नको होते, एवढाच त्याचा अर्थ. मला इथे ठेवायला त्यानं बापाचं मरण पुढं केलं. आणि मी ते गल्लीभर मिरवलं.

"डोये भरले व्हते, हे त्यानं सांगतलं व्हतं सांगाले?"

बनाबाईनं मान हलवली. "ते म्या लावलं मनानं. तू इचारलंस ना, रडला काय म्हणून. तुह्या तोंडाकडं पाह्यलं अन् माह्या तोंडून निंगालं. तू इथं अंधारात बसेल, अन् मी येऊन सांगू का तिथं उजेड व्हता? कोण्या तोंडानं सांगू मंजुळा?"

"ज्या तोंडानं त्याईचं ताट खाल्लं त्याच तोंडानं."

ती उठली. तिळगुळाची वाटी तिथंच राहिली. ती साडी तिनं पुन्हा नेसलेली मी पाहिली नाही. चहाला येणंही तिनं बंद केलं आणि मीही बोलावलं नाही. तिनं जे केलं ते माझ्यासाठी केलं, हे मला कळत होतं. पण त्या एका रात्रीची झोप आठवली की अजून तोंड कडू होतं. मुलानं फसवलं ते लांबून, फोनवर. हिनं माझ्यासमोर बसून, माझ्या डोळ्यांत बघून फसवलं.

पाडव्याला सगळे आले. दोन गाड्या, बॅगा, मिठाईचे खोके, माझ्यासाठी मऊ शाल. अनुपमा गळ्यात पडून रडली आणि ते रडणं खोटं नव्हतं. गजेंद्रनं अंगणात गुढी उभारली. संजीवनीनं पुरण वाटलं, मग कढई गॅसवर ठेवली, तेल ओतलं. सगळे स्वयंपाकघरात गोळा झाले. तेल तापलं तशी संजीवनीनं एक कुरडई माझ्या हातात दिली.

"आई, पहिली तुम्ही सोडा. इतके महिने आपण सगळ्यांनी पाळलं, आता बाबांचा सण काढू या."

मला वाटलं होतं मी काही बोलणार नाही. दोन महिने तेच ठरवलं होतं. पण ती "आपण सगळ्यांनी" म्हणाली.

"तुमचा सण भाऊबीजेलाच निघाला," मी म्हटलं. "मी एकटीच राहिले."

अनुपमानं भावाकडे पाहिलं. संजीवनी तेलाकडे बघत राहिली. मी गजेंद्रकडे बघत होते. चाळीस वर्षांपूर्वी त्यानं शेजाऱ्याच्या परसातली पपई चोरली होती आणि मी विचारायच्या आधी स्वतःच येऊन सांगितलं होतं, नाक ओढत, हातातली पपई पुढं करत. मला वाटलं, आता तसाच तो काहीतरी बोलेल. चुकलं म्हणेल. किंवा नुसतं "आई" म्हणेल.

"बनाकाकूनं सांगितलं ना?" तो म्हणाला.

सगळ्यात आधी त्याला हेच विचारावंसं वाटलं.

हो म्हटलं असतं तर तो उठून शेजारी भांडायला गेला असता. नाही म्हटलं असतं तर मीही त्यांच्यातलीच एक झाले असते. मी दोन्ही म्हटलं नाही. कुरडई परत ताटात ठेवली आणि हात लांब करून गॅस बंद केला.

"वरण-भात झालाय," मी म्हटलं. "बसा जेवायला."