शिट्टीचा सराव

सुज्ञ वाचकहो, एका भाबड्या माणसाने विज्ञानाच्या दारी केलेली चूक आणि तिचे निवारण, यांचा वृत्तान्त मी येथे नम्रपणे सादर करीत आहे.

ठाण्यातील एका महाविद्यालयात चांगदेव हे गृहस्थ गिनीपिगांची निगा राखीत. क्षयरोगावरील एका इंजेक्शनाने ऐकण्याची शक्ती किती घटते, याचा अभ्यास तेथे प्रीती नावाची विद्यार्थिनी करीत होती. मुके जनावर सांगणार काय? परंतु मागून अवचित शिट्टी वाजली की, ज्याला ऐकू येते त्याचे कान चटकन हलतात. बारा जनावरांना औषध, तर बारांना नुसते मिठाचे पाणी, अशी योजना होती.

तपासणीच्या दिवशी विपरीत घडले. मिठाच्या पाण्यावरच्या एकाही जनावराचा कान हलेना!

प्रीतीचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, पिंजरे धुताना अदलाबदल तर नाही ना झाली? दोन वर्षं वाया जातील हो माझी!"

"पाठीवरची रंगाची खूण बघ की, पोरी. पिवळ्या खुणेचे ते पिवळ्या पिंजऱ्यातच आहेत."

असे म्हणाले खरे, पण चांगदेवांना शंका छळू लागली. आपल्याच हातून ही लेकरे बहिरी झाली की काय? दुपारी त्यांनी डबा उघडला, पण एकही घास खाल्ला नाही. शेवटी डबा तसाच झाकून ते प्रीतीपुढे उभे राहिले.

"ओरडू नकोस हं. परीक्षा जवळ आली म्हणून आठवडाभर मी त्यांचा सराव घेतला. तासातासाला तीच शिट्टी वाजवली. म्हटलं, ऐन वेळी घाबरून नापास नको व्हायला."

प्रीतीने कपाळावर हात मारला. "काका, तुम्ही डोंबिवलीत क्लासच काढा! अहो, सवय झाली त्यांना. आता कशाला दचकतील?"

"मग कान शाबूत आहेत ना गं?"

"असावेत. चार दिवस अगदी शांतता ठेवू."

ते चार दिवस चांगदेव चपला बाहेर काढून आत वावरले. खोकला आला तर अंगणात धावले. पाचव्या दिवशी शिट्टी वाजली. एक कान हलला, दुसरा हलला, पाहता पाहता मिठाच्या पाण्यावरच्या बाराही जनावरांनी कान टवकारले! औषधाच्या बारांपैकी पाच मात्र स्तब्ध राहिले. तेच तर प्रीतीला मोजावयाचे होते. ती वहीत भराभर लिहू लागली.

चांगदेव मटकन स्टुलावर बसले आणि त्यांनी डोळे पुसले. "पोरी, डबा खाऊ का गं आता?"

"खा हो काका, पोटभर खा!"

आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
विश्राम गायकर, ठाकुर्ली