बोटांची बातमी

माघातली सकाळ. खाडीच्या निश्चल, नीलकृष्ण जळावर धुक्याचा धवल पदर अजून रेंगाळत होता. पैलतीर दिसत नव्हता. दिसत नव्हती खाजणं, दिसत नव्हत्या नांगरून ठेवलेल्या होड्या. आंब्याच्या मोहोराचा तेवढा दरवळ येत होता, आंबटगोड, अनावर, जागच्या जागी घुटमळणारा. मग डोंगराच्या खांद्यावरून ऊन उतरलं. कोवळं ऊन, केशरी ऊन, मांडवाच्या झावळ्यांतून गाळलेलं ऊन. आणि ते दत्ताराम तवट्याच्या अंगणात, पाटावर मांडलेल्या एकवीस बांगड्यांवर सांडलं.

बांगड्या पेटल्या. हिरव्या बांगड्या, शेवाळगर्भ बांगड्या, पोपटपंखी तेजाच्या बांगड्या. उद्या दत्तारामच्या लेकीचं, शरयूचं लग्न होतं, आणि आज तिचा चुडा भरायचा होता.

दत्ताराम जातीचा कासार. चाळीस वर्षं त्यानं पंचक्रोशीतली मनगटं सजवली. आता कुणी म्हणेल, बांगड्या भरणं ते काय मोठं! म्हणणाऱ्यानं एकदा कासारापुढे हात धरून बसावं. काच ती काच, हाड ते हाड. दोघांत समेट घडवायचा तो बोटांनी. अंगठ्याच्या मुळाशी दाबायचं, तळवा मुडपायचा, हाड कुठे नमतं आणि कुठे अडतं ते चाचपायचं, आणि बोलता बोलता बांगडी अशी सरकवायची की पोरीला कळावं ते मनगटावर किणकिणल्यावरच.

आणि हे सगळं हाताकडे न बघता. त्या घरची रीतच होती तशी. हाताकडे बघून भरतो तो शिकाऊ, असं दत्तारामचा आजा म्हणायचा. डोळे पोरीच्या चेहऱ्यावर ठेवायचे. भुवई जराशी आवळली की बोटं सैल सोडायची. हात बघायला बोटं आहेत ना! तीन पिढ्या ही रीत पाळली गेली, आणि तिचा त्या घराला भारी अभिमान होता.

पण दत्तारामची बोटं गेल्या दोन वर्षांत मुकी झाली होती.

आधी पावलं गेली. ओटीवरची थंडगार फरशी थंड लागेना, खडा टोचेना, एकदा वहाण मागे राहिली आणि तो तसाच देवळापर्यंत चालत गेला. हसून सोडलं त्यानं. मग हळूहळू, पायरीपायरीनं, बोटांच्या शेंड्यांवर एक अदृश्य वस्त्र चढलं. जाड वस्त्र, बधिर वस्त्र, काही केल्या न निघणारं वस्त्र. काच आणि कापूस, ऊन आणि गार, सारं एकाच चवीचं झालं.

तालुक्याचा डॉक्टर भला माणूस होता. साखरेचा आजार आहे, म्हणाला, आणि समोर बसवून समजावून सांगितलं. बोटाच्या टोकाशी बातमी जन्मते, तवटे. मऊ, टणक, गार, धारदार, अशी प्रत्येकाची निराळी बातमी. ती मनगटाच्या अरुंद खिंडीतून निघते, कोपराला वळसा घालते, खांदा चढते, मानेशी कण्यात शिरते आणि वर वर जात मेंदूच्या पायथ्याशी पोचते. तिथे बाजू बदलते; उजव्या हाताचं गाऱ्हाणं डाव्या मेंदूकडे, डाव्याचं उजव्याकडे. पापणी लवायच्या आत हे सारं घडतं. त्यातही स्पर्श आधी पोचतो, धावत. टोच त्याच्या मागून. आणि खोलवरचं दुखणं सगळ्यांत शेवटी, पाय ओढत.

"मग माझ्या बोटांना झालंय काय?" दत्तारामनं विचारलं होतं.

"वाट बुजत चाललीय. लांबच्या वाटा आधी बुजतात, म्हणून पावलं आधी, मग बोटं. जवळच्या वाटा टिकतात. चेहऱ्याची वाट अगदी आखूड, ती शाबूत आहे तुमची."

चेहऱ्याची वाट घेऊन कासारानं करायचं काय? तो उठला, नमस्कार केला, घरी आला, आणि बायकोलाही काही बोलला नाही. त्या दिवसापासून तो जुन्या सवयीच्या जोरावर भरत राहिला. अंगठा आपल्या ठरलेल्या जागी जाई, दाब आपल्या ठरलेल्या मापानं पडे. कुठे चुकलंच तर बाईचा चेहरा सांगे. निभावून नेत होता बिचारा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शरयूचं लग्न ठरलं तेव्हा तिची मामी सहज म्हणाली होती, "पैलतीरच्या कासाराला बोलवा की भावोजी. लेकीचा चुडा भरताना बापाचा हात कापतो."

"माझ्या लेकीचा हात मी दुसऱ्याच्या हातात देऊ?" तो असा कडाडला की मामी पदर सावरून आत गेली.

राग मामीवर नव्हताच. त्याच्या मनात एक भाबडा हट्ट होता. शरयूचा हात त्यानं पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा ती बारा दिवसांची होती. बारशाला काळ्या मण्यांची मनगटी बांधताना ती इवलीशी, ओलसर, रेशमी मूठ त्याच्या बोटाभोवती मिटली होती. ते मिटणं त्याच्या बोटांना आजवर पाठ होतं. उद्या हा हात परक्या घरी जाणार. जाण्याआधी एकदाच, शेवटचं एकदाच, तो त्याला कळावा. वाट बुजली असेल, पण पाऊलवाट तरी उरली असेल. लेकीसाठी एक दिवस देव ती उघडील. एवढंच मागणं होतं त्याचं.

शरयू पाटावर येऊन बसली. हळदीनं माखलेली, पिवळ्या पातळातली, न्हालेल्या केसांतून पाणी ठिबकणारी शरयू. भोवती बायका दाटल्या, कुणी ओवी धरली. तिच्या आईनं, जानकीनं, दत्तारामपुढे तांदळाचं तबक ठेवलं. शरयूनं उजवा हात पुढे केला.

दत्तारामनं तो हातात घेतला.

आणि काही नाही.

तो थांबला. त्यानं हात थोडा घट्ट धरला. काही नाही. ना ऊब, ना ओल, ना हाडांची ती ओळखीची नाजूक उतरण. डोळ्यांना दिसत होतं की लेकीचा हात आपल्या हातात आहे; बोटं म्हणत होती, इथे कुणी नाही. सगळ्या जगाचा स्पर्श गेला तेव्हा तो रडला नव्हता, पण आज त्याला गळा काढून रडावंसं वाटलं. बायका वाट बघत होत्या. त्यानं मान वर केली, लेकीच्या चेहऱ्यावर डोळे रोवले आणि पहिली बांगडी उचलली.

प्रत्येक बांगडी घालण्याआधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, ही कासाराची श्वासासारखी सवय. सांध्याशी कचर, काचेची टोकेरी कणी, राहिली असेल, तडा गेला असेल, तर अंगठ्याला लागतं. नाही लागलं की बांगडी निर्धोक. त्यानं अंगठा फिरवला. काही लागलं नाही. बांगडी गेली. दुसरीवर फिरवला. काही लागलं नाही. तिसरी, चौथी, पाचवी. हिरव्यावर हिरवं चढत गेलं, किणकिणत गेलं.

सहावीवर अंगठा फिरवला. काही लागलं नाही.

कसं लागणार? अहो, ज्या अंगठ्याला काहीच लागत नाही, त्याला गुळगुळीत आणि तडकलेलं सारखंच! सांध्याशी काच उभी चिरली होती. अंगठ्याच्या पेराला तिनं लांब, बारीक चीर दिली, आणि ती बातमी बोटातच मेली. तो लेकीचा चेहरा बघत राहिला, रीतीप्रमाणे.

शरयूनं मात्र पाहिलं. अण्णांच्या अंगठ्यावर फुटलेला लाल थेंब पाहिला, न थबकलेले डोळे पाहिले, आणि हात मागे घेतला नाही. तिला ठाऊक होतं. श्रावणात त्यांनी चुलीवरचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं होतं आणि चटका बसल्याचं फोड आल्यावर ओळखलं होतं. तेव्हापासून ठाऊक होतं. आता भुवई आवळली तर अण्णा थांबतील. थांबले तर मांडवातल्या सगळ्यांना कळेल. बांगडी तळव्यावरून सरकली, चिरलेली काच तिच्या मनगटावरून ओरखडत गेली, आणि शरयूनं आपला चेहरा वारा नसलेल्या देव्हाऱ्यातल्या ज्योतीसारखा ठेवला.

थेंब तबकात पडला. शुभ्र तांदळांवर एक लाल थेंब. मग दुसरा.

"अगो बाय! रक्त?" मामी किंचाळली. ओवी तुटली. जानकीचा हात कपाळाशी गेला. चुड्यात रक्त म्हणजे केवढा अपशकुन!

"रक्त कसलं गो मामी," शरयू हसून म्हणाली, "माझ्या कपाळावरचं ओलं कुंकू ठिबकलं. केस नीट पुसलेच कुठे तुम्ही! आई, दुसरं तबक आण बघू. आणि तुम्ही गप्प का झालात? म्हणा की!"

बायका हसल्या. ओवी पुन्हा लागली. जानकी तबक घेऊन आत गेली.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा दत्तारामनं भरता भरता मान खाली घातली आणि हाताकडे पाहिलं. लेकीच्या मनगटावर लाल रेघ होती. आपला अंगठा माखला होता. त्यातलं तिचं किती आणि आपलं किती, हेही त्याला कळेना.

"बाय," त्याचा आवाज ओवीखाली बुडून गेला, "दुखलं?"

"नाही, अण्णा."

"मला तुझा हात कळत नाही गो. धरलाय तरी कळत नाही."

"ठाऊक आहे मला." तिनं पदराचं टोक त्याच्या अंगठ्याला गुंडाळलं, कुणाला दिसू नये असं. "बघून भरा. शिकाऊसारखं भरा. मला घाई नाही."

चिरलेली बांगडी त्यानं हलकेच वाढवून मनगटावरून काढली आणि जवळ राखलेली दुसरी घेतली. मग तो बघून भरू लागला. आज्याची रीत मोडून, तीन पिढ्यांचा अभिमान मोडून, काचेवर नजर, हाडावर नजर, एकेक बांगडी उन्हात धरून, फिरवून, निरखून. किती वेळ लागला! धुकं विरलं, खाडी चकाकली, पैलतीराच्या होड्या दिसू लागल्या. बायका ओव्या संपवून पुन्हा पहिलीवर आल्या. आणि त्या वेळात त्याला कळलं की हा हात आपण कधी पाहिलाच नव्हता. करंगळीखालचा तीळ, तर्जनीवरचा विळीचा जुना व्रण, नखांवरच्या पांढऱ्या चंद्रकोरी. उजव्या हातात अकरा झाल्या. डाव्या हातात दहा.

शरयू वाकून पाया पडली. "अखंड सौभाग्यवती हो," एवढंच त्याला म्हणता आलं. उठताना ती थबकली. आणि भरला चुडा तिनं बापाच्या गालाशी टेकवला.

चेहऱ्याची वाट आखूड.

आधी गारवा पोचला, हिरव्या काचेचा, धावत. त्यामागून मनगटाची ऊब. त्या उबेत एक ठोका, मग एक ठोका, बारा दिवसांच्या मुठीत होता तोच. दत्तारामनं डोळे मिटले. लागत होतं. लेक लागत होती. हळद लागत होती, ओल लागत होती, मनगटावरची ती बारीक रेघसुद्धा लागत होती.

मग तिनं हात काढून घेतला. बायका तिला घरात घेऊन चालल्या. ओटीवर किणकिण, माजघरात किणकिण, मग नुसतं ऊन. आणि सगळ्यांच्या मागून, पाय ओढत, अंगण ओलांडून दुखणं आलं. ते आलं, आणि त्याच्यापाशी बसलं.