तेरा महिन्यांचा शब्द

मी एक जुनी, हातानं फिरवायची शिलाई मशीन आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगू लागल्या की आधी गहिवरतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. माझ्याकडून ते व्हायचं नाही. सात वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही. गोष्ट मात्र घडली तशीच सांगेन.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. काळा चकचकीत रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, डोक्यावर घुमटासारखं लाकडी झाकण. दिसायला मी नवरीसारखी होते. पण माझ्या पोटात, जिथे खालच्या धाग्याची डबी फिरते, तिथल्या लोखंडी कड्यात ओतकामाच्या वेळीच केसाएवढी चीर राहून गेली होती. तपासणाऱ्यानं माझं चाक दहा वेळा फिरवलं, टाके सरळ पडले, त्यानं शिक्का मारला. चीर त्याला दिसली नाही की दिसूनही त्यानं डोळेझाक केली, ते मला सांगता येणार नाही. मलाही जगात मिरवायची घाई झाली होती.

रेल्वे, मग मोटार, असं करत मी उमरखेडच्या एका दुकानात आले. मालक महिन्यातून एखाद्या वेळी यायचे. विक्री आणि लिहापढी नीळकंठराव नावाचे गृहस्थ पाहायचे. बोलायला फार गोड माणूस. गिऱ्हाईक आलं की आधी घरची खुशाली, मग पाणी, आणि मग मशीन. त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई गावात सरकारी शिवणवर्ग चालवत.

त्या वर्गाला चंदाबाई यायची. उमरखेडपासून दोन कोसांवर तिचा तांडा. तिच्या आज्या-पणज्यांच्या काळी तो तांडा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचा. आता सगळे एका जागी राहून शेती करत होते. सुई तिच्या हातात लहानपणापासूनच होती, कापडावर आरसे आणि कवड्या बसवता बसवता ती मोठी झाली होती. मशीनवरचं काम ती तीन महिन्यांत शिकली. मग पायातले चांदीचे वाळे मोडून तिनं मला घ्यायचं ठरवलं. तांड्यात स्वतःचा धंदा करणारी ती पहिलीच बाई होणार होती.

सत्तावन्न सालच्या दिवाळीला दोन दिवस होते, ऑक्टोबरची वीस तारीख. नीळकंठराव स्वतः मला बैलगाडीतून तांड्यात घेऊन आले. चंदाबाईचा नवरा धावजी फुगून बसला होता. त्याला गोऱ्हा घ्यायचा होता.

"मशीन काय वखर वढते काय?" तो म्हणाला आणि माणसं हसली.

तांड्याची एक रीत होती. मोठा व्यवहार असला की तो तांड्याच्या प्रमुखासमोर, म्हणजे नायकासमोर, बोलायचा. नायकासमोर निघालेला शब्द पक्का, मग त्याला कागद लागत नसे. देवसिंग नायक लिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांनी विचारलं, "बाबूजी, हे बिघडली तं?"

"वर्षाची हमी हाय, नायक," नीळकंठराव म्हणाले. "ह्या दिवाळीपासून त्या दिवाळीलोक काई झालं तं मी हाय ना. माह्या घरची बाई हिची मास्तरीन हाय. मी कुठं पळून चाललो?"

नायकांनी मान हलवली. सौदा झाला. नीळकंठरावांनी एक छापील कार्डही दिलं, त्यावर शाईनं तारीख घातलेली. चंदाबाईनं ते फडक्यात बांधून पेटीच्या तळाशी ठेवलं. तिच्या लेखी ती नुसती पावती होती.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस. झंपर, सदरे, पोरांच्या चड्ड्या, मी काय काय शिवलं म्हणून सांगू! सुरुवातीला तांड्यातल्याच बाया यायच्या. मग शेजारच्या गावची सुखीबाई आपल्या मुलाच्या सदऱ्याचं कापड घेऊन आली. बाजारातला शिंपी दोन-दोन महिने खेटे घालायला लावायचा, चंदाबाई सांगितलेल्या दिवशी कपडा हातात द्यायची. सुखीबाईनं गावात जाऊन चार ठिकाणी सांगितलं आणि गावची कापडं यायला लागली. धावजीचा रुसवा कधी गेला ते कळलंच नाही. सकाळी तोच मला तेल द्यायचा, पाहुण्यांना "आपली मशीन" म्हणून दाखवायचा.

"वखराले जुंपता काय आता इले?" चंदाबाई त्याला चिडवायची.

अठ्ठावन्न साली धोंड्याचा महिना आला. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या पंचांगात दर तिसऱ्या वर्षी एक महिना जादा पडतो. त्या वर्षी श्रावण दोनदा आला. त्याच दिवसांत माझा टाका सुटायला लागला. चार टाके सरळ, पाचवा गायब. पोटातली चीर वाढत चालली होती आणि मला ते कळत होतं. चंदाबाईनं मला उचललं आणि थेट दुकान गाठलं.

नीळकंठरावांनी मला उघडूनही पाहिलं नाही. "नवी मशीन हाय, बसते हळूहळू. तेल देत जा," ते म्हणाले. "आनि घाई कायची हाय तुमाले? धोंडा लागला, दिवाळी पुढं सरकली. तुमची हमी बी महिनाभर वाढली म्हना की!"

ते हसले, चंदाबाईही हसली. तिनं तक्रार केली ती कुठेच लिहिली गेली नाही. लिहून घ्यावी, असं तिच्या मनातही आलं नाही. दिवाळी तर अजून पुढे होती. तेल पिऊन मी परत आले आणि मीही त्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवला.

दिवाळीला अकरा दिवस उरले होते तेव्हा मी मोडले. घरभर कापड पसरलेलं होतं. तांड्यातल्या पोरांचे कपडे, गावातल्या सात-आठ घरांचे कपडे, सुखीबाईच्या तीन मुलांचे सदरे. सगळं खडूनं आखून, कापून तयार होतं, फक्त शिवायचं बाकी होतं. चंदाबाईनं प्रत्येकीला दिवस नेमून दिला होता. चाक फिरता फिरता माझ्या पोटात कट्‌कन आवाज झाला आणि कड्याचे दोन तुकडे झाले. दिवाळीला पोरं नव्या कपड्यांत दिसणार की नाही, आणि चंदाबाईच्या शब्दाला यापुढे कोणी विचारणार की नाही, हे सगळं त्या कड्यावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात पोचली तर नेमके मालक बसलेले. दुकानातल्या रामलाल मिस्त्रीनं मला उलटं करून उघडलं. प्रामाणिक माणूस, बोलून गेला, "हे चीर आजची नाई, बाबूजी. तेल मुरून काळी पडली पाहा. हे जन्माचीच हाय."

"तू आपलं काम कर," नीळकंठराव खालच्या आवाजात म्हणाले.

मालकांनी कार्ड मागितलं, वाचलं आणि परत दिलं. "एकोणीस ऑक्टोबरला मुदत संपली, बाई. आज एकतीस आहे. कडं नागपूरहून मागवावं लागेल, तीन आठवडे लागतील आणि खर्च तुमचा."

चंदाबाईनं मालकांकडे पाहिलंच नाही. ती नीळकंठरावांना म्हणाली, "तुमी तं दिवाळीलोक म्हनलं होतं. नायकासमोर म्हनलं. धोंड्यात मी आली, तवा बी म्हनलं."

"असं बोललात तुम्ही?" मालकांनी विचारलं.

मी टेबलावर होते, नीळकंठरावांच्या हातापासून वीतभर अंतरावर. त्यांनी लिहायच्या टाकाचं टोक पुसलं, पुन्हा पुसलं. "नाही," ते म्हणाले. "मी कशाला असं बोलीन? कार्डावर आहे तेच."

मित्रांनो, लोखंड तुटताना मला दुखलं नव्हतं तेवढं ते 'नाही' ऐकून दुखलं. त्यांचे दोन्ही वेळचे शब्द मी या कानांनी ऐकले होते. पण मशीनची साक्ष कोण काढतो?

मी तुटलेलीच घरी परत आले. तांड्यातल्या बाया सुया घेऊन चंदाबाईकडे येऊन बसल्या. हातशिलाईनं त्यांनी तांड्यातल्या पोरांचे कपडे कसेबसे पुरे केले. गावच्या कपड्यांना मात्र हात पुरले नाहीत. सुखीबाई आली आणि कापलेले तुकडे पदरात गोळा करू लागली.

"दुसऱ्यानं कापलेलं शिंपी हातात बी घेत नाई," ती म्हणाली. "माह्या पोरायची दिवाळी गेली, चंदाबाई. जमत नव्हतं तं कायले घेतलं?"

चंदाबाईनं बिघाडाचं सांगून पाहिलं. सुखीबाईला ते पटलं नाही. तिच्या मागून बाकीच्याही घरांनी आपापली कापडं नेली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चंदाबाईनं मला गाडीत ठेवलं. देवसिंग नायक सोबत निघाले. गाडी दुकानाकडे न जाता नीळकंठरावांच्या घरासमोर उभी राहिली. रत्नप्रभाबाई दारात रांगोळी काढत होत्या. आपली विद्यार्थिनी पाहून त्या हरखल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"पानी नको, बाई," चंदाबाई म्हणाली. "तुमच्या घरचं पानी पेली तं मले बोलता येनार नाई."

नीळकंठराव बाहेर आले. ती त्यांना म्हणाली, "बाबूजी, आज दिवाळी हाय. तुमचा शब्द आज सांजलोक चालते. मी मुदतीत आली."

"कोणता शब्द?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं. तेव्हा नायकांनी लिंबाखालचं सगळं सांगितलं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "खरंच बोलला होतात?"

"बोलण्याच्या भरात निघालं असेल," नीळकंठराव पुटपुटले. "पण कागदावर तसं..."

"कागद मले वाचता येत नाई," चंदाबाई म्हणाली. "म्हनून तं नायकानं तुमाले तोंडी इचारलं होतं."

तिनं मला उचलून ओट्यावर ठेवलं. "शब्द तुमचा हाय, मशीन बी तुमच्याजवळच राहू द्या," एवढं बोलून ती गाडीत बसली. मला वाटलं, वळणावर तरी ती एकदा मागे पाहील. तिनं पाहिलं नाही. तिचं दुःख मला कळत होतं, तरी तेही मी अजून विसरलेले नाही. चीर काही मी मागून घेतली नव्हती.

त्या दिवशी ओट्यावर पणत्या लागल्या, माझ्या दोन्ही बाजूंना एकेक. रत्नप्रभाबाईंनी नवऱ्याला मला तिथून हलवू दिलं नाही.

भाऊबीज झाली आणि दुकान उघडलं. नीळकंठरावांनी मला रामलालसमोर ठेवलं. रामलालनं कोपऱ्यातला खण ओढला आणि त्यातून एक कोरं करकरीत कडं काढलं. नागपूरहून तीन आठवड्यांनी येणार होतं ना, ते हे कडं! तासाभराच्या आत मी धडधाकट झाले.

नीळकंठराव मला तांड्यात घेऊन आले ते भर दुपारी. कापूस फुटला होता, सगळ्या बाया वेचणीला गेलेल्या. त्या वेळी घरी कोणी नसतं हे त्यांना पक्कं माहीत असणार. त्यांनी मला दारात ठेवलं, वर फडकं घातलं आणि ते निघून गेले. चुकलो असं ते कोणालाच म्हणाले नाहीत. सुखीबाईच्या घरी जाऊन दोन शब्द बोलावेत, हे त्यांना सुचलंही नाही.

संध्याकाळी चंदाबाई आली. गेल्या वर्षी याच दिवसांत ती माझ्याजवळ बसून कमवत होती. आता ती दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून आली होती. तिनं फडकं काढलं, एक चिंधी सुईखाली धरली आणि चाक फिरवलं. टाके ओळीनं पडले.

"झाली ना नीट!" धावजी म्हणाला. "आता काहून रडून राह्यली?"

"मशीन नीट झाली," ती म्हणाली. "सुखीबाई येईन काय वापस?"

मित्रांनो, मुदत संपली की विकणारे हात झटकतात. कागदाची मुदत संपली म्हणून कारखान्यात झालेली चूक काही नाहीशी होत नाही. आणि मुदतीत केलेली तक्रार मुदतीतलीच असते, कडं मागाहून का तुटेना. पण हे सिद्ध करायला हातात काहीतरी लागतं. म्हणून तुमच्या घरी वस्तू येईल तेव्हा कार्ड कोणाकडून तरी वाचून घ्या. वर्ष कोणत्या पंचांगानं मोजायचं ते आधी विचारा. तक्रार केलीत तर ती लिहून घ्या, खाली तारीख आणि सही घ्या. समोरचा गोड बोलत असला तर आवर्जून घ्या. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी दुकानात बसलं, तर दिलेला शब्द मालकासमोरही तोच ठेवा.

आता पासष्ट साल चालू आहे. मी चंदाबाईच्या घरी आहे, धावजी अजून मला तेल देतो. माझ्यात काहीही बिघाड नाही. बाया येतात, उसवलेली चोळी आणतात, ठिगळ लावायला धोतर आणतात. दोन वर्षांपूर्वी सुखीबाईसुद्धा येऊन गेली, फाटकी गोधडी घेऊन. मी ती शिवून दिली. गावातून नवं कापड मात्र त्या दिवाळीनंतर आमच्याकडे कोणीच आणलेलं नाही.